सुट्या कॉलरचा अस्त

पोशाखातील एखादी वस्तू नाहीशी झाली म्हणजे मागे राहिलेली माणसे दोहोंपैकी एक गोष्ट करतात. काही तिची आठवण काढून हळहळतात, आणि काही तिचे जाणे हे मनुष्यजातीच्या वाढत्या शहाणपणाचे लक्षण समजून स्वतःची पाठ थोपटून घेतात. पाश्चात्त्य पुरुषांच्या सभ्य वेषातील सुटी कॉलर ही अशीच एक वस्तू होय. तिच्यासाठी हळहळणारे आता फारसे उरले नाहीत. परंतु ती गेल्यामुळे जग अधिक प्रांजळ झाले असे मानणारे पुष्कळ आहेत. वरवरचा ताठा गेला, दिखाऊपणा गेला, माणूस मोकळा झाला, असा ह्या मंडळींचा एकंदर सूर असतो. हा सूर कितपत खरा आहे, आणि बाहेरच्या टापटिपीचा माणसाच्या नीतीशी नेमका काय संबंध आहे, ह्याचा थोडा विचार करावा असे आम्ही योजिले आहे. विषय दिसावयास क्षुल्लक आहे खरा. परंतु नीतीचे प्रश्न माणसाला पुष्कळदा सकाळी आरशापुढे उभे असतानाच भेटतात.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नसेल त्यांच्यासाठी तिचे वर्णन केले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पहिल्या महायुद्धापर्यंत युरोप-अमेरिकेतील सभ्य गृहस्थाच्या सदऱ्याला बहुधा कॉलर शिवलेली नसे. गळ्याशी नुसती एक अरुंद पट्टी असे, आणि तिला पुढे व मागे काजे असत. कॉलर ही निराळी वस्तू. ती तागाच्या किंवा सुताच्या कापडाचे अनेक पदर एकावर एक ठेवून शिवलेली, खळ घालून आणि तापलेल्या इस्त्रीने दाबून पुठ्ठ्यासारखी ताठ केलेली असे. मानेमागे एक आणि घाटीखाली एक अशा स्टड नावाच्या दोन गुंड्यांनी ती सदऱ्यास अडकवीत. तिचे प्रकार अनेक. काही सरळ उभ्या, काही बाहेरच्या अंगास दुमडलेल्या, काहींची पुढची दोन टोके पाखराच्या पंखांप्रमाणे वळविलेली. सदरा दोन-तीन दिवस अंगावर राहिला तरी कॉलर रोज नवी, म्हणजे रोज परीटघडीची, लावता येत असे. कोटाच्या आत सदऱ्याचे जे काय झाले असेल ते असो. जगाला दिसणारी दोन बोटे रुंदीची पट्टी तेवढी शुभ्र असली म्हणजे झाले.

ह्या वस्तूचा उगम अमेरिकेतील हडसन नदीकाठच्या ट्रॉय ह्या गावी झाला असे परंपरेने सांगतात. १८२७ साली तेथील हॅना लॉर्ड माँटेग्यू नावाच्या गृहिणीच्या ध्यानात आले, की आपण नवऱ्याचे सगळेच्या सगळे सदरे धुतो. वस्तुतः मळलेली असते ती गळ्याची कड, बाकीचा सदरा जवळजवळ स्वच्छच असतो. तिने कॉलर कापून काढली, तेवढीच धुतली, आणि पुन्हा जागेवर टाचली. ही युक्ती शेजारीपाजारी पसरली. पुढे दोन-तीन वर्षांतच त्याच गावातील एबेनेझर ब्राउन नावाच्या, धर्मोपदेशकाचे काम सोडून दुकानदारीत पडलेल्या गृहस्थाने अशा कॉलरी शिवून घेऊन विकण्यास सुरुवात केली. त्यातून असा धंदा उभा राहिला की ट्रॉयला कॉलरींचे शहर हेच नाव पडले. अमेरिकेत खपणाऱ्या बहुतेक कॉलरी एकेकाळी त्या एका गावाहून येत.

ह्या उगमकथेत ढोंगाचा लवलेशही नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. पाणी ओढून, तापवून आणि हाताने घासून कपडे धुण्याच्या काळात एका बाईने आपले श्रम वाचविण्यासाठी काढलेली ती तोड होती. जेथे मळ तेथे साबण, इतकाच तिचा हिशेब. तो हिशेब आमच्याकडील कोणत्याही गृहिणीला पटण्यासारखा आहे.

परंतु वस्तू घराबाहेर पडली म्हणजे तिचा अर्थ घरात होता तोच राहतो असे नाही. कॉलर बाजारात आली आणि तिच्यावर प्रतिष्ठेचे ओझे चढले. जो हाताने काम करतो, ज्याला वाकावे लागते, घाम येतो, त्याच्या गळ्यात ताठ पांढरी कॉलर टिकणे शक्य नाही. म्हणून ती ज्याच्या गळ्यात टिकते तो हाताने काम करणारा नव्हे, असे उलट अनुमान निघाले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात लेखणीवर जगणाऱ्या वर्गाला इंग्रजीत पांढऱ्या कॉलरीचा वर्ग म्हणू लागले ते ह्यामुळेच. आमच्या भाषेला त्यासाठी कॉलरीची गरज पडली नाही. पांढरपेशा ह्या आमच्या शब्दाच्या पोटीही तोच विचार आहे. ज्याचे वस्त्र पांढरे राहू शकते तो एक, आणि ज्याचे राहू शकत नाही तो दुसरा, अशी समाजाची वाटणी दोन्हीकडे वस्त्राच्या रंगावरूनच झाली.

एकदा असे झाल्यावर ज्याला ही खूण परवडत नव्हती त्यालाही ती धारण करणे भाग पडले. कचेरीतील तुटपुंज्या पगाराच्या कारकुनाला रोजच्या रोज परिटाचे बिल कसे झेपावे? त्याच्यासाठी कागदी कॉलर निघाली. वॉल्टर हंट ह्या संशोधकाने तिचे पेटंट १८५४ साली घेतले होते. दिवसभर वापरावी आणि फेकून द्यावी. मागाहून सेल्युलॉइडची कॉलर आली. ती ओल्या फडक्याने पुसली की पुन्हा पांढरी. परंतु तिला गळ्याशी घाम जिरत नसे, आणि सेल्युलॉइड हा पदार्थ झटकन पेट घेणारा असल्यामुळे दिव्याशी किंवा विडीच्या ठिणगीशी तिची जवळीक धोक्याचीच असे. कॉलरीच्या पाठोपाठ सुटे मनगटपट्टे आले. नंतर तर छातीपुरता सदरा, म्हणजे कोटाच्या उघड्या भागातून दिसेल एवढाच ताठ तुकडा, विकत मिळू लागला. त्याच्या आत काय आहे, किंवा काही आहे की नाही, हे कोट काढल्याखेरीज कळण्याचा मार्ग नव्हता.

येथे टीकाकाराला आयते सापडते. वरून कीर्तन आतून तमाशा ही आपली म्हण त्याच्या ओठावर येते. जो माणूस गळ्यापुरता स्वच्छ राहण्यात समाधान मानतो, तो वागणुकीतही गळ्यापुरताच सज्जन असणार, असे त्याला वाटते. हा आक्षेप चटकदार आहे. परंतु तो जसाच्या तसा स्वीकारता येईल असे आम्हांस वाटत नाही. पाहुणा येणार असला म्हणजे आपण बैठकीची खोली झाडतो, माजघरातील पसारा तसाच राहतो. ह्यात आपण पाहुण्याची फसवणूक करतो काय? आपल्या सर्व घरातील प्रत्येक फडताळ नित्य असेच लावलेले असते असे आपण त्याला सांगत नाही, आणि तोही तसे समजत नाही. तुमच्या येण्याची आम्ही दखल घेतली, एवढेच त्या झाडलेल्या खोलीतून त्याला कळते, आणि ते खरेच असते. शोकाच्या घरी जाताना आपण भडक वस्त्र टाळतो, लग्नाला जाताना ठेवणीतले काढतो. आपल्या मनाची त्या क्षणी काय स्थिती आहे ह्याची ती घोषणा नसते. समोरच्या माणसाच्या प्रसंगाला दिलेला तो मान असतो. कोणी म्हणेल, माझे मन आज प्रसन्न आहे, म्हणून मी शोकाच्या घरीही तसाच जाईन. ढोंग मला जमत नाही. अशा माणसाला आपण प्रांजळ म्हणणार नाही. त्याला दुसऱ्याची पर्वा नाही असेच म्हणू.

तेव्हा दिसण्याची काळजी घेणे हा स्वतः खोटेपणा नव्हे. खोटेपणा कोठे सुरू होतो? आमच्या मते दोन ठिकाणी. मानाची खूण जेव्हा योग्यतेचा पुरावा म्हणून चालविली जाते, तेव्हा पहिला. आणि त्या खुणेसाठी लागणारे कष्ट जेव्हा दुसऱ्याच्या शिरावर टाकून ते आपल्या दृष्टीआड ठेवले जातात, तेव्हा दुसरा.

पहिल्याचा विचार आधी करू. कारकुनाने कागदी कॉलर लावली ह्यात त्याने कोणाला फसविले असे म्हणावे? त्याचा पगार किती आहे हे त्याच्या मालकास पक्के ठाऊक होते, कारण तो पगार मालकच देत होता. त्या पगारात रोज तागाची कॉलर परवडत नाही, हेही त्याला कळत होते. तरीही कॉलरीवाचून आलेल्या माणसाला तो दारातून परत पाठवी. म्हणजे खोटेपणा असलाच तर तो लावणाऱ्याचा नसून लावावयास भाग पाडणाऱ्याचा होता. स्वच्छतेचा पगार न देता स्वच्छतेची अपेक्षा करणे, आणि ती अपेक्षा पुरी न झाली तर तो माणसाच्या शीलाचा दोष समजणे, हे त्यातील खरे पाप होय. झाकली मूठ सव्वा लाखाची असे आपण म्हणतो, आणि मूठ झाकणाऱ्याला हसतो. मूठ उघडी पडताच त्याला उभा न करणारा जो समाज, त्याला मात्र कोणी हसत नाही.

दुसऱ्या गोष्टीचा विचार करण्यास पुन्हा ट्रॉय गावीच गेले पाहिजे. एका बाईचे धुण्याचे श्रम वाचविण्यासाठी निघालेल्या युक्तीने त्या गावात हजारो बायांना धुण्याला जुंपले, हा ह्या कथेतील विलक्षण भाग आहे. नवी शिवलेली कॉलर विक्रीस जाण्यापूर्वी धुवावी, खळवावी आणि इस्त्री करावी लागे, आणि त्यासाठी तेथे मोठमोठे धुलाईचे कारखाने निघाले. काम करणाऱ्या बहुतेक आयर्लंडातून आलेल्या मुली आणि स्त्रिया. उकळते पाणी, तीव्र क्षार, चुलीवर तापविलेल्या जड इस्त्र्या. दिवसाचे बारा ते चौदा तास काम, आणि आठवड्याची मजुरी तीन-चार डॉलर. एखादी कॉलर करपली तर तिची किंमत मजुरीतून कापीत. अशा स्थितीत केट मलेनी नावाच्या, विशीही न गाठलेल्या एका मुलीने १८६४ च्या फेब्रुवारीत ह्या बायांची संघटना उभारली. अमेरिकेतील स्त्रियांच्या अगदी आरंभीच्या टिकाऊ कामगार संघटनांत तिची गणना होते. सुमारे ३०० बायांनी काम बंद केले, आणि आठवड्याच्या आत मालकांना मजुरी सुमारे २५ टक्के वाढवून द्यावी लागली. दोन वर्षांनी त्याच गावातील लोखंड ओतणारे कामगार संकटात सापडले तेव्हा ह्या परटिणींनी आपल्या गंगाजळीतून १००० डॉलर त्यांना दिले. १८६९ चा त्यांचा दुसरा संप मात्र फसला, कारण ह्या वेळी कॉलरींचे कारखानदार धुलाईच्या मालकांच्या पाठीशी उभे राहिले. संघटनाही फार काळ टिकली नाही. केट मलेनीचे ट्रॉयमधील घर १९९८ साली अमेरिकेचे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाले.

आता न्यूयॉर्कच्या किंवा बोस्टनच्या एखाद्या सभागृहात ताठ कॉलर लावून श्रमप्रतिष्ठेवर व्याख्यान देणाऱ्या सद्गृहस्थाची कल्पना करावी. त्याच्या गळ्याशी जी शुभ्रता होती ती कोणाच्या भाजलेल्या बोटांची होती, हे त्याला बहुधा ठाऊक नसे. आणि ठाऊक नसणे हाच त्या शुभ्रतेचा गुण समजला जाई. खळ दिसता कामा नये, इस्त्रीचा डाग दिसता कामा नये, तसे ती फिरविणारा हातही दिसता कामा नये. आमच्याकडील परीटघडीचीही गोष्ट निराळी नाही. घडी दाराशी येते, परीट दाराबाहेरच उभा राहतो. वस्त्राचा विटाळ नाही, धुणाऱ्याचा मात्र आहे, अशी विचित्र नीती आपण शतकानुशतके पाळली. तेव्हा ट्रॉयच्या मालकांकडे बोट दाखविताना आपलीही कॉलर एकदा चाचपून पाहावी हे बरे.

ह्यानंतर साहजिकच प्रश्न येतो, की ही कॉलर शेवटी गेली कशी? कोणाच्या सदसद्विवेकबुद्धीला ह्या बोटांचा चटका बसला म्हणून गेली काय? इतिहास पाहता तसे काही दिसत नाही. कॉलरींच्या सर्वांत मोठ्या कारखान्यांपैकी क्लुएट-पीबॉडी ह्या ट्रॉयच्या कंपनीने १९०५ पासून सुमारे पाव शतक जे. सी. लायनडेकर ह्या चित्रकाराकडून जाहिरातीची चित्रे काढवून घेतली. त्या चित्रांतील ॲरो कॉलरवाला तरुण हा तेव्हाच्या अमेरिकन पुरुषाचा आदर्शच होऊन बसला होता. परंतु ह्याच काळात पहिले महायुद्ध झाले. लक्षावधी तरुणांनी गणवेषाचा मऊ, शिवलेल्या कॉलरीचा सदरा वर्षानुवर्षे अंगावर वागविला, आणि घरी परतल्यावर गळ्याला पुन्हा ती शिक्षा देण्यास ते कबूल होईनात. इंग्लंडच्या युवराजाने, म्हणजे पुढे १९३६ साली राज्यत्याग केलेल्या आठव्या एडवर्डने, मऊ कॉलर उघडपणे पत्करली, आणि राजपुत्राने केले ते असभ्य म्हणण्याची सोय राहिली नाही.

तरी एक अडचण उरली होती. शिवलेली कॉलर धुतल्यावर आटते, आणि मग गळ्याची गुंडी लागत नाही. सुटी कॉलर हव्या त्या मापाची घेता येई, हा तिचा मोठा गुण होता. त्याच क्लुएट घराण्यातील सॅनफर्ड क्लुएट ह्यांनी १९३० च्या सुमारास कापड शिवण्यापूर्वीच आटवून घेण्याची यांत्रिक कृती सिद्ध केली. त्यांच्या नावावरून सॅनफराइज्ड हा शब्द निघाला. आपल्याकडील कापडाच्या दुकानांतूनही तो एके काळी ठाण्यावर छापलेला दिसत असे. पाठोपाठ धुलाईची यंत्रे घरात आली, आणि सबंध सदरा रोज धुणे जड राहिले नाही. तेव्हा सुट्या कॉलरीचे प्रयोजनच संपले. युद्ध, सोय, यंत्र आणि राजपुत्राची आवड ह्या चौघांनी मिळून तिला निरोप दिला. नीती त्या खांदेकऱ्यांत नव्हती.

म्हणून आमचे म्हणणे असे, की कॉलर गेल्याचे श्रेय आपण आपल्या प्रांजळपणास देऊ नये. गळ्याला सुख झाले हे खरे, आणि सुख ही काही तुच्छ वस्तू नव्हे. उंच ताठ कॉलरीला जर्मन भाषेत पितृघातकी अशा अर्थाचे नाव होते, ह्यावरूनच ती लावणाऱ्यांच्या भावना कळून येतात. असला काच सुटला तर कोणास वाईट वाटावे? परंतु शरीराचा काच सुटला म्हणजे मनाचे ढोंगही सुटले, असे म्हणण्यास आधार पाहिजे, आणि तो आम्हांस सापडत नाही. योग्यतेचा पुरावा म्हणून वस्त्राकडे पाहण्याची खोड गेलेली नाही. पूर्वी कॉलर पाहत, आता सदऱ्यावरील छाप पाहतात. मुद्दाम फाडलेली तुमान चौपट किमतीस घेणारा आजचा तरुण आपण दिखाऊपणातून मुक्त झालो असे म्हणतो, तेव्हा त्याला एवढेच विचारावे, की खरोखर झिजून फाटलेली तुमान घालून तू त्याच मेजवानीस जाशील काय?

आणि दृष्टीआडच्या हातांचे काय? ते तर पूर्वीपेक्षाही दूर गेले. शिवलेली कॉलर विरली म्हणजे आमच्या घरांतून ती उसवून, उलटी करून, पुन्हा लावण्याची रीत परवापरवापर्यंत होती. शिंपीही ते काम चार पैशांत करून देत. कापडाला दोन बाजू आहेत आणि दुसरी अजून कोरी आहे, एवढे भान त्यात होते. आज कॉलर विरली की सदरा गेला, आणि तोही विरेपर्यंत अंगावर राहतो असे नाही. नवा सदरा इतका स्वस्त कसा मिळतो, ह्या प्रश्नाचे उत्तर २०१३ च्या एप्रिलमध्ये ढाक्याजवळ साभार येथे मिळाले. राणा प्लाझा नावाची शिवणकारखान्यांची आठमजली इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे गाडली गेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, आणि त्या जे कपडे शिवीत होत्या ते दूरदेशीच्या दुकानांत जावयाचे होते. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशीच दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावण्यात आले. ट्रॉयची परटीण निदान गिऱ्हाइकाच्या देशात राहत होती, तिचा संप त्याच्या वर्तमानपत्रात छापला जाई. साभारची शिवणारी त्याच्या नकाशातही नव्हती. मऊ कॉलर आपल्या गळ्याला बोचत नाही, आणि कदाचित म्हणूनच तिच्या मागचे काहीच आपल्याला बोचत नाही.

ह्याचा अर्थ ताठ कॉलर परत आणावी असा कोणी करील तर ते आमच्या मनात नाही. ती काही ठिकाणी अद्याप आहेच. ईटनच्या शाळेतील मुले तिला नित्य वागवितात. संध्याकाळच्या सर्वांत औपचारिक पाश्चात्त्य वेषात, जसा स्टॉकहोमला नोबेल पारितोषिकाच्या समारंभात पाळतात, पंखांची कॉलर अजून असते. इंग्लंडमधील न्यायाधीशांनी दिवाणी कामापुरती ती २००८ साली सोडली. आमच्या देशात तर वकिलांच्या वेषाच्या नियमांत उघड्या गळ्याच्या काळ्या कोटाबरोबर पांढरी कॉलर सांगितली आहे, ती ताठ किंवा मऊ कशीही चालेल असे नियमातच म्हटले आहे, आणि तिच्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या. २०२० साली साथीच्या दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने कोट आणि झगा ह्यांची सूट दिली, परंतु गळ्याची पांढरी पट्टी ठेवली. ह्या रूढीला आम्ही निव्वळ पोकळ म्हणणार नाही. बड्या घरचा वकील आणि खेड्यातून आलेला नवखा वकील ह्या दोघांच्या गळ्यात तीच पट्टी असते, आणि बोलणारा येथे स्वतःसाठी नव्हे, दुसऱ्या कोणासाठी उभा आहे, हे ती पट्टी न्यायाधीशास आणि खुद्द त्यालाही सांगते. जी खूण माणसांना सारखे करते आणि कर्तव्याची आठवण देते, तिला दिखाऊ म्हणणे अन्यायाचे होईल.

वकिलाच्या कॉलरीवरून एक प्रसंग येथे सांगितला पाहिजे. महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत तो दिला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते नाताळात बॅरिस्टरी करीत असताना परिटाचे बिल फार येई, आणि परीट वेळेवर येत नसल्यामुळे दोन-तीन डझन सदरे व कॉलरीही पुऱ्या पडत नसत. कारण कॉलर रोज बदलावी लागे, आणि सदरा एक दिवसाआड. त्यांनी धुण्याचे साहित्य आणले, त्या विषयावरील पुस्तक वाचले, आणि कॉलर स्वतः धुऊन इस्त्री केली. पहिल्या खेपेस खळ अधिक झाली, इस्त्री पुरेशी तापली नव्हती, आणि करपेल ह्या भीतीने ती नीट दाबलीही नाही. ती कॉलर लावून ते कोर्टात गेले, तो खळीचा भुगा कोटावर झडू लागला, आणि इतर बॅरिस्टरांची करमणूक झाली. गांधींना त्याची लाज वाटली नाही. कॉलरीच्या धुलाईस जवळजवळ तिच्या किमतीइतकेच पैसे पडतात, आणि वर परिटाची ताबेदारी. त्यापेक्षा आपले आपण धुतलेले बरे, असे त्यांनी सांगितले.

त्या कोर्टात त्या दिवशी निर्दोष कॉलरी पुष्कळ असतील. परंतु आम्ही वर जे दोन खोटेपणा सांगितले, त्या दोहोंतून सुटलेली अशी ती एकच होती. तिच्यासाठी झालेले कष्ट लावणाऱ्याचे स्वतःचे होते आणि ते लपलेले नव्हते. उलट खांद्यावर झडत होते. तिने कोणत्याही योग्यतेचा दावा केला नाही, आणि तरीही न्यायासनाला द्यावयाचा मान तिने दिला होता. कॉलर टाकून देणे त्यांना तेव्हा सुचले नाही असे कोणी म्हणेल. आम्हांस तर ती न टाकता स्वतः धुण्यातच त्या वेळचे त्यांचे मोठेपण दिसते.

ह्याच विद्येचा पुढे एका महाराष्ट्रीयाला उपयोग झाला. १९१२ साली नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले, तेव्हा त्यांच्याजवळ न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेले एक उपरणे होते. ते ते प्राणापलीकडे जपत, आणि विशेष प्रसंगीच वापरीत. जोहान्सबर्गच्या हिंदी लोकांनी त्यांना मेजवानी दिली त्या दिवशी उपरण्याला चुण्या पडलेल्या होत्या, आणि परिटाकडे पाठविण्यास वेळ नव्हता. गांधींनी इस्त्री करून देण्याची तयारी दाखविली. त्यांच्या वकिलीवर गोखल्यांचा विश्वास होता, परंतु परिटपणावर नव्हता. ते उपरणे म्हणजे आपल्याला काय आहे, हे त्यांनी गांधींना समजावून सांगितले. शेवटी त्यांनी परवानगी दिली, काम उत्तम झाले, आणि गांधींना शाबासकी मिळाली. मेजवानीस बसलेल्यांना एक नीट इस्त्री केलेले वस्त्र तेवढे दिसले असेल. त्याच्या घडीत गुरूची आठवण होती आणि मित्राचा हात होता. एवढ्या गोष्टी ज्या टापटिपीच्या मागे आहेत, तिला दिखावा कोण म्हणेल?

तात्पर्य, वस्त्र ताठ की मऊ, कॉलर सुटी की शिवलेली, हा प्रश्न नीतीच्या दृष्टीने गौण आहे. चारचौघांत जाताना त्यांचा मान राखण्यापुरती काळजी घेणे हे कर्तव्य आहे, आणि ते आळसाला प्रांजळपणाचे नाव देऊन टाळता येणार नाही. मात्र ज्या शुभ्रतेने आपण दुसऱ्याचा मान राखतो, ती करणाऱ्याचा मान तिने बुडता कामा नये. तिचे मोल त्याला पुरते पोचले पाहिजे. ज्याला ती परवडत नाही त्याच्याकडे ती मागता कामा नये. आणि प्रसंग पडला तर ते काम आपल्याही हाताला आले पाहिजे, मग खळ थोडी अधिक का पडेना. सुटी कॉलर पेटीतून बाहेर काढून रोज लावताना ह्या गोष्टींचा विचार करण्याची एक संधी माणसाला रोज मिळत होती. बहुतेकांनी ती घेतली नाही. आता कॉलर सदऱ्यालाच शिवलेली आहे, तेव्हा ती संधी आपली आपणच काढून घेतली पाहिजे.